स्टँडला पटलेला हात

बांधकामाच्या चौदाव्या मजल्यावर, झटक्यावरून हात पारखून रिळाची वायर सोडणारा बोलका स्टँड पुन्हा अडून बसला. "हात थरथरतोय. वायर मिळणार नाही."

तिसऱ्यांदा अडला की हजेरीच्या मस्टरवरून वायरमनचं नाव तोच कापतो, आणि ही दुसरी खेप होती. सोपान वायरमनने घमेली वाहणाऱ्या बायकोला घाईघाईने बोलावलं.

"दोन झटके दे आणि ओढ. बोलू नकोस काही."

सुलोचनाने पदर खोचून ओढलं, तशी वायर सरसर सुटली.

"कोण ओढतंय?" स्टँडने विचारलं.

"मी, सुलोचना," ती सवयीने बोलून गेली आणि घमेलं उचलून निघाली.

सोपानने अधीरपणे वायर धरून दोन झटके दिले. वायर हलली नाही.

"सुलोचनाबाईंना परत बोलवा," स्टँड म्हणाला. "मस्टरवर वायरमन आता त्या आहेत."