सतरावं पान

पर्थच्या मुख्य कचेरीतून आलेला ब्रेंट सकाळपासून गावच्या लायब्ररीची नवी वेबसाइट शिकवत होता. तीस वर्षं तिथलं काउंटर सांभाळणारी नोलीन ऐकून घेत होती.

"आता वाचक स्वतःच पुस्तकाला आपली खूण लावणार, नोलीन. टॅग म्हणतात त्याला. एकाची खूण बघून दुसरा तेच पुस्तक उचलणार. तुझ्या पिढीच्या डोक्यात नाही शिरायचं हे."

"शिरेल हळूहळू," नोलीन म्हणाली.

दुपारी चहा पिता पिता त्यानं मोठ्या टायपातली एक कादंबरी चाळली. सतराव्या पानावर पेन्सिलीनं बदक काढलं होतं, शेजारी फुली, खाली किटली.

"ही काय घाण करून ठेवलीय?"

"बदक म्हणजे डोरीनचं वाचून झालं. फुली मर्व्हची. किटली बेरिलची, पण ती आवडलं तरच काढते. किटली दिसली की बाकीच्या म्हाताऱ्या पुस्तक घरी नेतात."

"सरकारी पुस्तक आहे हे. तिघांची कार्डं आजच्या आज रद्द कर."

नोलीननं ड्रॉवरमधलं खोडरबर काढून त्याच्या कपाशेजारी ठेवलं.



"कार्डांचं नंतर बघू. आधी तुझा सकाळचा धडा पुसून दे, बाळा."