फोटोतली पाठमोरी

चौथ्या फोटोतही ती बाई होतीच.

लीलाबाईंनी भिंग आणून पाहिलं. जर्मनीतला कुठलासा किल्ला, पुढे दात काढून उभा असलेला त्यांचा हरिहर, आणि मागे कोपऱ्यात, नखाएवढी, डोक्यावरून पदर घेतलेली नऊवारीतली बाई. पाठमोरी. याआधी ती तळ्याकाठी होती, पुलावर होती, चर्चच्या पायऱ्यांवरही होती.

पोरगा त्र्याऐंशी साली पश्चिम जर्मनीला इंजिनिअरिंग शिकायला गेला होता. पत्रं वाचून मात्र वाटावं, रविवारची भटकंती हाच त्याचा मुख्य विषय. दर रविवारी मित्राबरोबर नवं गाव आणि नवा फोटो. फोटो काळेपांढरे, वसतिगृहातच धुतलेले. लीलाबाईंनी बाईबद्दल विचारलं तेव्हा त्याने कळवलं, की तिथे आम्ही दोघंच होतो, फोटोवर डाग पडला असेल.

डागाला पदर असतो होय?

ती नुसती उभी असती तरी एक वेळ चाललं असतं. पण ती दिसली की काहीतरी घडायचंच. तळ्यात होडी कलंडली, पुलावर मोटार अंगावर येता येता थांबली. पोरगा वाचला, पण असा किती वेळा वाचणार? नवरा गेल्यावर लीलाबाईंना त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. त्यांना अन्न गोड लागेना, आठवडाभर झोप लागेना. रविवारी मात्र जेवून आडव्या झाल्या की मेल्यासारख्या झोपत.

कामाला येणारी मैना एकदा घाबरलीच. "कवापासून हाका मारतंय, काकू. अंग कसा गार पडला तुमचा."

काळजीचा थकवा गो, असं म्हणून लीलाबाई पाय चोळत बसल्या. पायही फार दुखत होते.

मैनानेच सुचवलं, की लांज्याजवळच्या गावदेवाला धोंडू गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घ्यावं. नवऱ्याच्या हयातीत लीलाबाई असल्या गोष्टींना हसल्या असत्या. आता त्या मैनाला घेऊन, पिशवीत नारळ टाकून, मांडवीच्या घरून एसटीने मुकाट्याने तिथे गेल्या.

धोंडूने फोटो बराच वेळ पाहिला. मग नारळ देवापुढे ठेवून म्हणाला, "नुसती अडवायची, की कायमची न्यायची? नेली की मागं फिरवता येत नाय. नीट इचार करून सांगा."

लीलाबाईंनी विचार केला नाही. "कायमची," त्या म्हणाल्या.

धोंडूने आवाज लावला. "बा देवा म्हाराजा, जी कोन बाय ह्या पोराच्या पाठी दर्यापार जाते, तिला पुनवेच्या आत तुझ्या पायाशी घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मैना म्हणाली. लीलाबाईंनीही हात जोडून तेच म्हटलं. नारळ एका घावात फुटला. परतताना त्यांना कित्येक महिन्यांनी सपाटून भूक लागली.

पुढचं पाकीट आलं तेव्हा पुनव एका दिवसावर होती. पत्र गाऱ्हाण्याच्या आधीच टाकलेलं होतं. हरिहरने लिहिलं होतं, की त्या रविवारी पडक्या बुरुजावरून त्याचा पाय सटकलाच होता. खाली साठ-सत्तर फूट दगड. पण मागून कुणी कॉलर धरून खेचावं तसा तो आत येऊन पडला. वळून पाहिलं तर मागे कोणीच नाही. मित्राने नेमका त्याच क्षणी फोटो काढला होता; त्यातही मी एकटाच दिसतो, असं त्याने लिहिलं होतं.

लीलाबाईंनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. भिंग लागलं नाही; या वेळी बाई अगदी जवळ होती. हरिहरची कॉलर तिने दोन्ही हातांनी गच्च धरली होती, पदर डोक्यावरून घसरला होता, आणि पहिल्यांदाच ती कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी होती.

चेहरा लीलाबाईंचा होता.