बसायच्या जागा

सुताराने माळ्यावरची पहिली फळी उतरवली आणि दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकली. अस्सल सागवान, आठ फूट लांब, बावीस वर्षं सावलीत मुरलेलं. पुढच्या खोलीत त्याची बायको पांढऱ्या चादरीखाली निजली होती. दफन चार वाजता होतं. तिची पेटी याच लाकडाची करायची, हे त्याने पहाटेच ठरवून टाकलं होतं.

आजवर वस्तीतल्या प्रत्येकाची पेटी त्याने साध्या पांढऱ्या लाकडाची केली होती. बायकोच्या बाबतीत मात्र हात आखडायचा नाही. जिवंतपणी दिलं नाही ते निदान आता तरी द्यावं. बैल गेला नि झोपा केला, असं कोणी तोंडावर म्हणालं असतं तर त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं असतं.

कारण लाकूड टेबलासाठी आणलेलं होतं. दहा माणसं बसतील असं लांब टेबल तिला हवं होतं. रविवारी उपासना सुटली की ज्यांची घरी कोणी वाट पाहत नाही अशांना आणायचं आणि जेवू घालायचं, एवढंच तिचं म्हणणं. "मेलेल्यांना सहा-सहा फूट लाकूड देता," ती म्हणायची, "जित्यांना दोन-दोन फूट द्या की. प्रभूही सुतारच होता, पण त्याने पेट्या केल्याचं मी कधी ऐकलं नाही." तो हसायचा आणि करू की म्हणायचा. पण पेटीला थांबता येत नाही, टेबलाला येतं. दर वेळी कोणीतरी जायचं आणि टेबल मागे पडायचं.

माळ्यावर तो कित्येक वर्षांत चढला नव्हता, तरी फळीवर धूळ नव्हती. त्याचं त्याला जरा नवल वाटलं. रंधा घेऊन तो खिडकीच्या बाजूने वाकला, आणि तसाच थांबला.

फळीच्या कडेला, दोन-दोन फुटांवर, पेन्सिलीने बारीक अक्षरांत काही लिहिलं होतं. अक्षर बायकोचं. 'आंधळ्या बाई. खिडकीकडे, ऊन लागेल.' त्यावर काट. त्याखाली 'धोबीण', त्यावरही काट. त्याखाली 'रात्रपाळीची नर्स', हे तसंच. पुढच्या जागेवर 'पोस्टमन. पाय लांब, जास्त जागा.' काट. त्याखाली 'जिन्याखालचे आजोबा. चावायला मऊ द्यायचं.'

पोस्टमनची पेटी सहा फूट चार इंच झाली होती. आंधळ्या बाईंची पाच फूट, तीही त्यांना सैलच. काट मारलेल्या प्रत्येक नावाचं माप त्याला तोंडपाठ होतं. नजर जाण्याआधी आंधळ्या बाई शाळेत काय शिकवायच्या, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. पोस्टमनचा आवाजही आठवेना. त्याला फार लाज वाटली.

मुलगी दारात आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाबा, पाळक विचारतायत, पेटी किती वाजेपर्यंत होईल?"

त्याने फळीकडे बोट केलं. "तुला हे ठाऊक होतं?"

ती जवळ आली. "पेन्सिल मीच आणून द्यायचे. कोणी गेलं की आई वर चढायची. काट मारायची, फळ्या पुसायची आणि दुसरं नाव लिहायची. मागच्या महिन्यातसुद्धा चढली होती, धाप लागत होती तरी."

"मग मला का नाही बोललीस?"

"मी म्हटलं होतं आईला, पुन्हा एकदा विचार बाबांना. ती म्हणाली, नको. रागावले असते तर भांडता आलं असतं. ते हो म्हणतात."

त्याने हातातला रंधा भिंतीकडच्या खुंटीवर परत ठेवला. मग कोपऱ्यातल्या पांढऱ्या लाकडाच्या फळ्या एकेक करून पुढे ओढल्या.

"बाबा, आईला साधी पेटी? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. हे लाकूड मातीत घातलं तर वर भेटल्यावर ती माझ्याशी बोलायची नाही." एक पांढरी फळी मापाला लावत तो म्हणाला, "काट नसलेले येतील ना दफनाला?"

"येतील की. आईसाठी नाही येणार तर कोणासाठी?"

"मग तिथून त्यांना घरी आण. बसायला आहे म्हणावं."

"कशावर? आज टेबल कुठून होणार?"

"घोडे आहेत, फळ्या आहेत. खुर्च्या चर्चमधून मागून आण. रंधा मारायचा नाही, नावं जातील."

मुलगी डोळे पुसत पुढच्या खोलीत गेली. पेटीला हात घालण्याआधी त्याने दुसरी फळी उतरवली आणि घोड्यांवर पहिलीला लागून आडवी ठेवली. आता जागा पुऱ्या झाल्या. दोन्ही लांब बाजूंना चार-चार, आणि दोन टोकांना एकेक. स्वयंपाकघराकडच्या टोकाला तिने लिहिलं होतं, 'मी. उठायला सोपं.'

समोरच्या टोकाला एकच नाव होतं. बाकीच्यांपेक्षा जुनं, पुसट, आणि बावीस वर्षांत एकदाही न बदललेलं.

'हे. वेळ मिळाला तर.'