सहलीनंतरची टेकडी

केरळहून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी अच्युतरावांनी भल्या सकाळी बूट चढवले. सहलीत पायसमवर ताव मारताना मधुमेहाचं पथ्य धाब्यावर बसवलं होतं. आता त्याची भरपाई करायची होती.

"अहो, पहिल्याच दिवशी टेकडी नको," नलिनीबाई म्हणाल्या. पण ऐकतात कुठले!

तासाभरानं ते खुशीत परतले. "बघ, कुठेही न थांबता चढलो!" बूट-मोजे काढून ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

फरशीवर त्यांच्या उजव्या पावलाचे लाल ठसे उमटत गेले. नलिनीबाईंनी घाईघाईनं बूट चाचपला. तळातून वर आलेला खिळा बोटाला टोचला.

"अहो, पायात खिळा घुसलाय तुमच्या!"

अच्युतरावांनी पाऊल उलटं करून पाहिलं. त्यांचं हसू मावळलं. "अगं, मग मला दुखत कसं नाही?"