भारोभार

गुळाची सहावी ढेप ठेवली तरी धनश्रीचं पारडं जमिनीवरून हललं नाही. तिच्या भावाने, श्रीमंतने, वर दोन किलोचा खडा ठेवला. तरी नाही. गोणपाट रिकामं झालं होतं.

"ताई, बासष्ट झाले की," तो हळूच म्हणाला.

देवळापुढच्या मोठ्या तराजूत ती मांडी घालून बसली होती. कानशिलं तापली, मानेवर घाम फुटला. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. पाळी कधी तीन महिने यायची नाही, कधी पंधरा दिवसांत दोनदा यायची. झोप उडाली होती. खाणं होतं तेवढंच, पण वजन पोटावर, कमरेवर चढत चाललं होतं.

महिन्यापूर्वी श्रीमंतचा कोल्हारहून फोन आला. आईचं वर्षश्राद्ध झालंय, आता तिचा नवस फेडून टाकू, गूळ किती सांगू?

नवस तीस वर्षांचा होता. अठराव्या वर्षी धनश्रीला टीबी झाला, तेव्हा आई देवीला बोलली होती, पोर जगली तर तिच्या भारोभार गूळ वाहीन. पोर जगली. आईने नवस मात्र फेडला नाही. ऊस घरचा, गुऱ्हाळ बांधाला लागून. कोणी विचारलं की ती विषय बदलायची. नवस तसाच ठेवून ती गेली.

फोनवर एकोणऐंशी हा आकडा धनश्रीच्या तोंडून निघाला नाही. चार वर्षांपूर्वीचं वजन, बासष्ट, तिने सांगून टाकलं. तेवढं उतरवायला महिना हातात होता.

तिने रात्रीचं जेवण सोडलं, मग सकाळची भाकरी. नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी जायच्या आधी अंग असं बदलतं. चाला, डाळी, अंडी खा. उपाशी राहू नका, घाईने काही होत नाही." पण तिला घाईच होती. जिऱ्याचं पाणी पिऊन ती पहाटे दीड तास चालायची. शेवटच्या आठवड्यात, ती शिकवायची त्या शाळेच्या जिन्यावर दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. एवढं करून आज सकाळी वजन भरलं सत्त्याहत्तर.

"नगरचं पानी चांगलं मानवलं ताईला," भावकीतले गहिनीनाथ म्हणाले. दोघीतिघी पदराआड हसल्या. "ऱ्हाऊ द्या आता. देवी घेती समजून."

आईने देवीला दिलेला शब्द होता, आणि तो आपल्या लाजेपायी अर्धा राहणार होता. धनश्रीला उठून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. तिने उठायला पारड्याची साखळी धरली, पण तशीच बसून राहिली.

"मी खोटं सांगितलं," ती म्हणाली. "मी सत्त्याहत्तर किलोची आहे."

श्रीमंत रिकामं गोणपाट हातात धरून उभा राहिला. मागे पायरीवर तिची मावशी, आईची धाकटी बहीण रतनबाई, बसली होती. ती उठून काठी टेकत पुढे आली.

"किती म्हनलीस?"

"सत्त्याहत्तर, मावशी."

रतनबाईने तो आकडा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला. मग पारड्यात वाकून तिने धनश्रीचा चेहरा वर केला.

"बत्तीस किलोची हुतीस. आक्कानं पाठीवर घिऊन दवाखान्यात नेली हुती तुला. नंतर दर दिवाळीला तू यायचीस, दरसाल थोडी भरलेली, अन् मी तिला म्हनायची, फेड की बाई आता तो नवस. ती म्हनायची, देवी अजून देतीया, रतन. तिला पुरं देऊ दे, मग फेडू."