कोर्ट खराब झालं म्हणे

डहाणूच्या क्लबातली लाल मातीवरची टेनिस स्पर्धा का बंद पडली, ते प्रगतीने क्लबच्या इतिहासाच्या पुस्तिकेत एका ओळीत उरकलं होतं. ती ओळ तिने बुधीबाईला वाचून दाखवली, “कोर्ट खराब झाल्यामुळे स्पर्धा थांबवण्यात आली.”

बुधीबाई ताडकन उठली. बावीस वर्षं माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून तिनेच ते कोर्ट राखलं होतं.

“खराब? कोण बोलला?”

“तेव्हाचे अध्यक्ष. शेवटची फायनल तेच खेळले होते ना?”

“खेळले ना! मग शेवटचा चेंडू कुठं पडला, ते नाय सांगितलं?”

तो चेंडू अध्यक्षांनीच मारला होता. आत की बाहेर, यावर वाद पेटला, तेव्हा पंचांनी नेहमीसारखं बुधीबाईला मातीवरचा ठसा बघायला बोलावलं. अध्यक्ष डोळे वटारून म्हणाले, “नीट बघ हां. पुढच्या वर्षी काम पाहिजे ना?” ती खाली बसली. तिने राखलेल्या मातीत ठसा अगदी स्वच्छ उमटला होता. पांढरी रेषा आणि ठसा यांच्यामधल्या कोऱ्या मातीवर तिने बोट आडवं ठेवलं. ते आरामात मावलं.

“बाहेर पडलाय, साहेब.”

अध्यक्ष हरले. पुढच्या वर्षी स्पर्धाच झाली नाही.

प्रगतीने ओळ खोडली. “मग काय लिहू, आजी?”

बुधीबाईने पदर खोचला. “माझं नाव घालून लिही. कोर्ट खराब नव्हतं. फार चांगलं होतं, म्हणून बंद केलं.”