डावा तळवा

प्लंबरने आईच्या दोन्ही पावलांवर तळहात ठेवले. ही त्याची सवयच होती. भिंतीवरच्या गरम पाण्याच्या पाइपला नुसता हात लावून तो पाणी कुठे अडलंय ते सांगत असे. उजवं पाऊल कोमट होतं. डावं, ज्या पायाचा गुडघा सकाळी बदलला होता ते, फरशीसारखं गार.

"भूल उतरायचीय अजून. होतं असं," नर्स म्हणाली.

"मग या पायातली कशी उतरली?"

त्याने उजव्या तळव्यावर बोट फिरवलं. आईने झोपेतच पाय झटकला. तिला भयंकर गुदगुल्या व्हायच्या. एकदा पाय चेपायला बसलेल्या सुनेला तिने लाथ हाणून आडवं केलं होतं आणि वर स्वतःच हसून हसून बेजार झाली होती.

त्याने डाव्या तळव्यावर बोट फिरवलं. काहीच नाही. पुन्हा फिरवलं. "हे बघा," तो नर्सला म्हणाला.

नर्सने वाद घातला नाही. पावलावरची नाडी चाचपली, मग नाडीचा आवाज ऐकवणारं यंत्र टेकवलं. यंत्र नुसतंच खरखरलं. ती धावत सुटली.

पंधरा मिनिटांत रक्तवाहिन्यांच्या सर्जनबाई हजर. "गुडघ्यामागची धमनी दुखावलीय, आत गुठळी झालीय. वेळेत रक्त पोचलं नाही तर पाय जाईल. उजव्या पायातली शीर काढून इथे जोडते."

"म्हणजे अडलेल्या जागेला वळसा घालून नवी लाइन." त्याने हवेत बोटाने वळसा काढला.

"अगदी तेच. इथे सही करा."

पुढचे तीन तास त्याने बाकावर बसून, उठून आणि हात धुवायच्या जागेचा ठिबकणारा नळ दोनदा घट्ट करून काढले. इतका तो जन्मात घाबरला नव्हता.

आईला बाहेर आणलं. सर्जनबाईंनी पावलावर पेनाने फुली मारून यंत्र टेकवलं. आता त्यातून आवाज येत होता, सलग आणि एका लयीत.

"हात लावू, डॉक्टर?"

"लावा की."

पाऊल कोमट होतं. त्याचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. भीत भीत त्याने तळव्यावर बोट फिरवलं.

आधी अंगठा हलला. मग डोळे न उघडताच आई पुटपुटली, "बोट काढ, मेल्या. लाथ घालीन."

"घाल," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी ते पाऊल धरून बसला.